वाईट चित्रं काढण्याची नोकरी

आमच्या घरात एक नियम आहे. कुणाला पत्ता समजावून सांगायचा असेल तर नकाशा मी काढायचा नाही. आम्ही कलकत्त्यात राहत होतो तेव्हा पुण्याहून येणाऱ्या माझ्या मेहुण्याला मी डमडम स्टेशनपासून आमच्या घरापर्यंतचा रस्ता कागदावर काढून पाठवला होता. तो त्या नकाशाबरहुकूम चालत चालत एका तळ्याच्या काठावर पोचला, आणि ट्रंक खाली ठेवून बराच वेळ म्हशींकडे बघत उभा राहिला. त्याच्या मते नकाशात तिथे आमचं अंगण होतं. मेहुणा आता आजोबा झाला आहे, पण नातवंडांना अजून हीच गोष्ट सांगतो.

तर अशा माणसानं आपली नोकरी मुख्यतः चित्रं काढून निभावली, असं मी सांगितलं तर माझी बायको सुमनसुद्धा मान खाली घालून गालात हसते. पण ते खरं आहे. आणि ती चित्रं वाईट होती म्हणूनच नोकरी निभावली, हे त्याहून खरं आहे.

माझं काम काय होतं, ते आधी सांगतो. घर बदलताना लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकतं, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वरचा म्हणतो "तिरकं कर", खालचा म्हणतो "उभं कर", आणि बाजूला उभा असलेला एक सद्गृहस्थ, ज्यानं कपाटाला बोटही लावलेलं नाही, तो सगळ्यांना सूचना देत असतो. कारखान्यात नवीन यंत्र आलं की तो बाजूला उभा राहणारा सद्गृहस्थ म्हणजे मी. फरक इतकाच, की माझं कपाट कित्येक टनांचं असायचं आणि अडकलं तर मला पगारी साहेब ओरडायचे. कुठलं यंत्र कुठल्या वाटेनं आत आणायचं, कुठे बसवायचं, तोंड कुठे करायचं, हे ठरवणं माझं काम. प्रत्यक्ष हलवण्याचं काम खलाशांचं. खलाशी म्हणजे बोटीवरचे नव्हेत. दोर, कप्प्या, पहारी आणि लाकडी ओंडके एवढ्यावर डोंगरसुद्धा सरकवतील अशी माणसं. त्यांचा सरदार होता रहमत. दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज कारखान्याच्या भोंग्याला भारी.

आमचा कारखाना डमडमच्या अलीकडे होता. मी तिथे लागलो तेव्हा माझं हिंदी शाळेतलं आणि बंगाली तर जवळजवळ शून्य. पहिल्याच महिन्यात एक लेथ बसवायचं होतं. मी रहमतला मोठ्या ऐटीत बंगालीत सांगितलं, "याचं तोंड भिंतीकडे करायचं नाही." बंगालीतही मराठीसारखाच 'नाही' शेवटी येतो, आणि तो शेवटचा शब्द शेजारच्या वाफेच्या हातोड्यानं गिळला. मी जेवून परत आलो तर लेथ भिंतीकडे तोंड करून बसलेलं, चांगलं बोल्ट आवळून. आमचे मॅनेजर मुखर्जीसाहेब पाहणीला आले. त्यांनी लेथ पाहिलं, भिंत पाहिली, मधली चार बोटांची फट पाहिली.

"पाटणकर," ते शांतपणे म्हणाले, "हे चालवायला माणूस ठेवणार आहात की पाल?"

त्या दिवसापासून मी खिशात खडू ठेवायला लागलो. बोलण्याचा भरवसा नाही, तर जमिनीवर काढूनच दाखवू. दुसऱ्या लेथच्या वेळी मी फरशीवर भिंत काढली, यंत्र काढलं, आणि यंत्रापुढे कारागीर उभा काढला. खलाशी गोल करून उभे राहिले.

"साब, यह भूत कौन है?" रहमतनं विचारलं.

"कारागीर आहे."

"तो मग मशीनच्या पोटात का शिरलाय?"

एकानं माझ्या हातून खडू घेऊन कारागिराला बाहेर काढलं. दुसरा म्हणाला, कारागीर इथे उभा राहिला तर माल ठेवायची गाडी कुठून जाणार? तिसऱ्यानं गाडी काढली. बघता बघता फरशी भरून गेली, आणि यंत्र बसवल्यावर पुढे वर्षभर जी कटकट झाली असती ती तिथेच खडूनं मिटली. मला वाटलं, हा योगायोग. पण दर वेळी तेच व्हायला लागलं. आमच्या ड्रॉइंग ऑफिसातून येणारा निळा नकाशा टेबलावर पसरला की सगळे हात मागे बांधून उभे राहायचे. त्यातली एकेक रेघ इतकी देखणी, की तिला चूक म्हणायची कुणाची छाती? माझं चित्र पाहिलं की मात्र मुक्यालाही वाचा फुटायची. माझी यात काही हुशारी नव्हती. मला चांगलं काढता येत असतं तर मी आनंदानं चांगलंच काढलं असतं.

या माझ्या अवगुणाची खरी परीक्षा झाली ती मोठ्या प्रेसच्या वेळी.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. गावातल्या भिंती घोषणांनी रंगलेल्या, आज बंद, उद्या मोर्चा, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. अशात आमचा जुना प्रेस, म्हणजे लोखंडी पत्रा दाबून आकार देणारं अवाढव्य यंत्र, कायमचा मोडला. त्या विभागातल्या कामगारांना काम नाही म्हणून घरी बसवलं गेलं. नवीन प्रेस परदेशातून बोटीनं यायचा होता. बोट उन्हाळ्यात येणार होती, ती आली ऐन दुर्गापूजेच्या तोंडावर. कारखान्याच्या पुढच्या रस्त्यावर रेल्वेचा एक बुटका पूल होता, त्याखालून प्रेस मावणं शक्य नव्हतं. उरली मागची गल्ली. आणि त्या गल्लीत, अगदी आमच्या मागच्या फाटकापाशी, दरवर्षी पूजेचा मांडव पडायचा. गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एकदा बांबू रोवले की दिवाळी होईपर्यंत सायकलसुद्धा वळसा घालून जायची. आणि प्रेस गोदीतून सुटेपर्यंत हे बांबू रोवून झालेले असणार होते.

मुखर्जीसाहेब म्हणाले, "पूजा समितीशी बोलू. मांडव यंदा पलीकडच्या मैदानात हलवा म्हणू." ड्रॉइंग ऑफिसनं सुरेख नकाशा केला. गल्ली, घरं, मैदान, बाणांनी दाखवलेली प्रेसची वाट. आम्ही दोघे गल्लीतल्या क्लबच्या खोलीत गेलो. समितीचे सचिव बीरेनदा गादीवर बसले होते. साठीला टेकलेले, पांढरं धोतर, जाड काचांचा चष्मा. जवळच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. भोवती पाड्यातली, म्हणजे त्या वस्तीतली, पंधरावीस मंडळी.

बीरेनदांनी नकाशा डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, बोटानं एका रेघेची जाडी अजमावली.

"खूब शुंदर," ते म्हणाले आणि नकाशाची घडी करून परत दिली. "होबे ना."

इतक्या सौजन्यानं मला आयुष्यात कुणी हाकललं नव्हतं. मुखर्जीसाहेबांनी कामगारांची अडचण सांगितली. बीरेनदा म्हणाले, "घरी बसलेल्यांत माझा पुतण्याही आहे, साहेब. पण माँ दरवर्षी इथेच येते. तिला पत्ता बदलला असं मी सांगू?" मागची पोरं पुढे सरकली. त्या काळात साहेब लोकांना घेराव घालण्याची चांगलीच चाल होती. मुखर्जीसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि आम्ही निघालो.

घरी आल्यावर मी सुमनला सगळं सांगितलं. तिचं बंगाली माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, कारण तिला रोज बाजारात घासाघीस करावी लागायची. ती म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना विचारायला गेला होता की सांगायला? सगळं ठरवून, रंगवून नेलंत. त्यांनी करायचं काय त्यात?"

"मग काय करू?"

"तुम्ही काढा की काहीतरी. ते बघून गप्प बसणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळा सुटल्यावर, मी रहमतला घेऊन गल्लीत गेलो. बीरेनदा क्लबच्या सिमेंटच्या ओट्यावर चहा घेत बसले होते. मी म्हटलं, "आज कागद नाही आणला. मला स्वतःलाच नीट समजत नाही, ते जरा बघायचंय." आणि उकिडवा बसून ओट्यावर काढायला सुरुवात केली. गल्लीच्या दोन रेघा. मग ट्रेलर.

"कुमीर?" एकानं विचारलं. कुमीर म्हणजे मगर.

"ट्रेलर," मी म्हणालो.

"मग याला शेपूट का आहे?"

"ते शेपूट नाही, ओढायचा दांडा आहे."

हशा झाला. बीरेनदांनी चहाचा कप खाली ठेवला. ड्रॉइंग मास्तरांच्या चेहऱ्यावरच्या वेदना मला दिसत होत्या, पण मी नेटानं पुढे गेलो. मांडव काढायचा होता. गल्ली आधीच काढून बसलो होतो, आत जागा उरली नव्हती; म्हणून मांडवाचा एक पाय गल्लीच्या अलीकडे आणि एक पलीकडे काढला. एखादा लठ्ठ माणूस डबकं ओलांडताना पाय फाकून उभा राहावा तसा तो मांडव दिसत होता. मग, मांडव ओळखू यावा म्हणून, मी त्यात देवी काढली. दहा हात काढायचे हे मला माहीत होतं. एका गोळ्याला दोन्हीकडून पाच पाच रेघा.

हसणं एकदम थांबलं. मी वर पाहिलं. एक तरुण उठून उभा राहिला होता.

"माकडशा?" तो दात आवळून म्हणाला. माकडशा म्हणजे कोळी. "आमच्या माँला कोळी काढता? बाहेरून येऊन?"

रहमतचा हात माझ्या खांद्यावर आला. तो मला आधार देत होता की उठून पळायला सुचवत होता, हे मी त्याला पुढे कधीच विचारलं नाही. मी म्हणालो, "अपमान नाही हो. मला खरंच एवढंच येतं. माझ्या मुलीला विचारा, मी गणपती काढला तर ती बटाटा म्हणते."

बीरेनदा जागेवरून उठले. माझ्यासमोर गुडघे टेकले. धोतराच्या टोकानं त्यांनी माझा कोळी पुसला, माझ्या हातून खडू घेतला, आणि पाचसहा रेघांत देवी उभी केली. कपाळ, डोळे, पंख्यासारखे पसरलेले हात. तो तरुणही वाकून बघायला लागला.

"आता हे," बीरेनदा खडूनं मांडवावर टकटक करत म्हणाले, "मांडवाचे पाय असे दोन बाजूंना कसे? मांडव असा उभा राहत नाही."

"गल्ली आधी काढली ना. आत जागा राहिली नाही."

ते मोठ्यानं हसले. आणि हसता हसता थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्या त्या पाय फाकलेल्या मांडवाकडे बघत राहिले.

"का नाही उभा राहणार?" ते स्वतःशीच म्हणाले.

मग खडू भराभर चालायला लागला. दोन्ही बाजूंच्या घरांना ओटे होते. बांबू रस्त्यात न रोवता त्या ओट्यांना लागून रोवले तर? छप्पर उंच घेतलं तर? मध्ये कमानीसारखी वाट मोकळी राहील, तिच्यातून आधी प्रेस जाईल, आणि मग फाटकाकडची बाजू कापडानं बंद करून देवीची बैठक मांडता येईल. मांडववाल्याला बोलावून आणलं. तो म्हणाला, एवढे लांब बांबू वाकतील. रहमत म्हणाला, दोन जोडून दोरानं आवळले तर वाकणार नाहीत. त्यावरून दोघांची जुंपली, आणि दोघांनीही आपापलं म्हणणं सिद्ध करायला खडू मागितला. माझ्याकडे एकच होता, तो मोडून दिला. ओटा भरला तेव्हा चित्र फाटकाच्या भिंतीवर चढलं.

मी बाजूला उभा होतो. मांडवाचे पाय चुकले त्यातून कमान निघाली, हे मी मुखर्जीसाहेबांना 'माझी कल्पना' म्हणून सांगितलं. निवृत्त माणसानं एवढं तरी कबूल करायला हवं, की ते साफ खोटं होतं.

रहमतनं प्रेसच्या मापाची बांबूची चौकट बांधली आणि त्याच्या माणसांनी ती उभी धरून गल्लीतून चालवत नेली. कुठे घासते, कुठे अडते ते आधीच कळावं म्हणून. बायका गच्चीत आल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती रिकामी चौकट येताना पाहून नमस्कारही केला. चौकट नव्या मांडवाखालून अलगद निघाली. ठरलं: नवरात्रातल्या चतुर्थीला सकाळी प्रेस जाणार, दुपारी मूर्ती येणार.

चतुर्थीच्या सकाळी ट्रेलर गार्डन रीचच्या गोदीकडून सारं शहर ओलांडून आला, गल्लीत शिरला, आणि मांडवाच्या अलीकडे दहा पावलांवर त्याचं मागचं डावं चाक जमिनीत गेलं. आवाज फार झाला नाही. नुसतं 'घप्प' झालं. रस्त्याखालून जुनं विटांचं गटार जात होतं, त्याचं छत खचलं. प्रेस खोक्यासकट डावीकडे कलला. बाजूच्या घराची खिडकी घाईघाईनं बंद झाली, जशी काही ती बंद केल्यानं प्रेस आत येणार नव्हता.

मुखर्जीसाहेब माझ्याजवळ आले. "पाटणकर, बांबूच्या चौकटीला वजन होतं का?"

नव्हतं. रुंदी तपासली, उंची तपासली. गल्ली पेलेल का, हे तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आम्ही जॅक शोधेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी ढाक, म्हणजे पूजेचे ढोल, वाजायला लागले. मूर्तीचा ट्रक वेळेच्या आधी आला होता. देवी, तिची मुलं, सिंह, महिषासूर, सगळे ट्रकवर, चेहरे झाकलेले, आणि पुढे माझा कललेला प्रेस. लोक गोळा झाले. कालपरवा माझ्या मगरीवर हसणारे चेहरे आता हसत नव्हते. कुणीतरी म्हणालं, माँला रस्त्यात थांबवलंत. मला वाटलं, महिषासुराशेजारी माझी जागा करतील.

रहमत जॅक घेऊन उभा होता. "साब, उचलतो मी. पण जॅक ठेवू कुठे? खाली गटार असेल तर जॅकही आत जाईल, आणि मग हा पूर्ण आडवा होईल. गटार कुठून जातं?"

कुणालाच माहीत नव्हतं. दुसरं काहीच सुचेना म्हणून मी खडू काढला आणि प्रेसच्या लाकडी खोक्यावरच गल्ली काढली, घरं काढली, आणि मधून गटाराची सरळ रेघ मारली.

"सरळ कसं जाईल?" गर्दीतून लगेच आवाज आला. "आमच्या घरापाशी वळतं ते. पावसाळ्यात आमच्याच दारात तुंबतं."

"तुमच्याकडे नाही, समोरच्यांकडे वळतं," बंद झालेली खिडकी उघडून एक बाई म्हणाल्या.

बीरेनदा पुढे आले. "लहानपणी आमचा चेंडू क्लबपाशी गटारात पडायचा," ते म्हणाले, "आणि त्या नळापाशी सापडायचा. म्हणजे ते असं जातं." त्यांनी माझी रेघ हातानं पुसून वाकडी काढली. एकानं ती आणखी वाकवली. एकाचं म्हणणं अगदीच वेगळं निघालं आणि त्याला सगळ्यांनी गप्प केलं. ज्यांना मला मारायचं होतं ते आता एकमेकांशी गटारावरून भांडत होते. शेवटी खोक्यावर रेघांचा गुंता झाला. पण उजव्या हाताच्या ओट्यालगतच्या एका पट्ट्यावर कुणाचीच रेघ नव्हती.

रहमतनं त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "इथे कोणाचंच गटार नाही?"

नव्हतं. त्या पट्ट्यावर रेल्वेच्या स्लीपरांचा थर रचला गेला, त्यावरून एक जाड तुळई ट्रेलरखाली आडवी गेली, आणि जॅकचा दांडा खालीवर व्हायला लागला. ढाकवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. प्रेस बोटभर उचलला गेला, मग वीतभर. चाकाखाली फळ्या, दगड, क्लबचा जुना कॅरमबोर्ड, जे हाती लागेल ते गेलं. बीरेनदांचा तो घरी बसलेला पुतण्या शर्ट काढून ओंडके वाहत होता. ट्रेलर कण्हला, हलला, आणि कमानीखालून एका दमात फाटकाच्या आत गेला. मागोमाग ढाकांच्या गजरात देवीचा ट्रक मांडवात आला. दोघांमध्ये एवढंच अंतर होतं, की बराच काळ आमच्या कारखान्यात गंमतीनं म्हणत, माँ कधी हत्तीवर, कधी नावेतून येते; त्या वर्षी प्रेसवर बसून आली.

पूजा संपल्यावर प्रेस उभा राहिला आणि घरी बसलेली माणसं कामावर आली. यंत्र जोडायला आलेल्या परदेशी इंजिनिअरनं मात्र खोक्यावरची ती आकृती बराच वेळ अभ्यासली आणि हे कुठल्या भागाचं चित्र आहे, आमच्या पुस्तकात तर नाही, असं विचारलं. मी सांगितलं, "भारतीय सुधारणा."

पुढे मला बढती मिळाली. केबिन मिळाली, हाताखाली ड्रॉइंग काढणारा माणूस मिळाला. माझ्या मनातलं तो अर्ध्या तासात सुबक काढून द्यायचा, आणि बैठकीत सगळे माना डोलवायचे. मला ते आवडायचं, हे नाकबूल करत नाही. पण एकेकदा त्या डोलणाऱ्या माना बघून प्रश्न पडायचा. यातल्या कुणाच्या मनात काय वेगळं आहे, ते आता मला कोण सांगणार?

प्रेस आला त्या वर्षीच्या विजयादशमीनंतर दोन दिवसांनी बीरेनदा आमच्या घरी आले होते. नारळाचे लाडू घेऊन, गळाभेट घ्यायला. सुमननं त्यांना चकल्या दिल्या. मी त्यांना मनापासून म्हटलं, "बीरेनदा, मला रविवारी चित्रकला शिकवाल का? फार लाज वाटते."

ते एकदम गंभीर झाले. "तसलं काही करू नका," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं फळ्यावर काढतोय. माझ्या चित्राला 'सर, हे चुकलं' असं एका मुलानं म्हटलेलं नाही. तुम्हाला सबंध गल्ली म्हणाली." मग लाजत, "त्यापेक्षा तुम्हीच मला शिकवा."

सुमन आत गेली ती हसू आवरायला. मी पाटी आणली, खडू दिला. म्हटलं, मगर काढा. त्यांनी काढली; मगर पाटीवरून उतरून चालू लागेल की काय अशी आली. मी म्हटलं, डाव्या हातानं काढा. त्यांनी डाव्या हातानं काढली. जरा हललेली, पण आणखीच जिवंत. मग त्यांनी डोळे मिटून काढली. डोळे उघडून पाटी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. शेपटीचा बाक काय सुंदर आला होता!

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"इतक्या लवकर निराश होऊ नका, बीरेनदा," मी म्हणालो. "सरावानं जमेल."